वालचंद हिराचंद आणि विमानांचा कारखाना

वडोदरा शहरात २८ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत आणि स्पेन या दोन देशांच्या पंतप्रधानांच्या हस्ते टाटा समूहाच्या विमान जुळणी कारखान्याचे उद्घाटन झाले. एअरबस कंपनीचे सी-२९५ हे लष्करी मालवाहू विमान येथे तयार व्हायचे आहे. भारतीय हवाई दलाने मागवलेल्या ५६ विमानांपैकी १६ विमाने स्पेनमधील सेव्हिल येथून तयार होऊन यायची आणि उरलेली ४० वडोदऱ्यात बांधायची, असा हा २०२१ मधील करार. ज्या विमानांची जागा ही नवी विमाने घेणार आहेत, ती अ‍ॅव्रो ७४८ विमाने ब्रिटिश आराखड्याची. १९१० मध्ये मँचेस्टर येथे स्थापन झालेल्या एका कंपनीचे नाव ती आजही बाळगून आहेत आणि साठच्या दशकापासून ती कानपूरच्या सरकारी कारखान्यात बांधली गेली. वडोदऱ्याच्या समारंभाच्या बातम्यांत एका गोष्टीवर विशेष भर होता : खासगी क्षेत्रात संपूर्ण लष्करी विमान भारतात प्रथमच बांधले जाणार. ते खरेच आहे. परंतु खासगी भांडवल घालून विमानांचा कारखाना काढण्याचा खटाटोप या देशात त्याआधी जवळजवळ ८४ वर्षे होऊन गेला होता आणि तो करणारा गृहस्थ सोलापूरचा होता.

वालचंद हिराचंद दोशी हे नाव मराठी घरांत आज रावळगावच्या गोळ्यांमुळे, प्रीमियर पद्मिनी मोटारीमुळे किंवा सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे परिचयाचे आहे. विमानाशी ते नाव जोडले जाते ते क्वचितच. याचे कारण सरळ आहे. जहाजांच्या धंद्यात वालचंदांनी तीस वर्षांहून अधिक काळ काढला. विमानकारखाना मात्र त्यांच्या हाती जेमतेम पंधरा महिने राहिला.

त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा. घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, दिगंबर जैन, व्यापारानिमित्त सोलापुरात येऊन स्थिरावलेले. कापसाचा व्यापार आणि सावकारी हा घरचा व्यवसाय. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयाला ज्यांचे नाव आहे, ते वालचंदांचे वडील. घरात गुजराती आणि दारात मराठी अशा वातावरणात मुलगा वाढला. सोलापुरातून १८९९ मध्ये मॅट्रिक झाल्यावर मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन अशी दोन महाविद्यालये त्याने पाहिली. पदवी मात्र पदरात पडली नाही. पेढीवर बसून व्याजाचा हिशेब लिहिण्यात त्याचे मन रमेना. लक्ष्मणराव बळवंत फाटक हे रेल्वेतील कारकुनी सोडून कंत्राटे घेण्याच्या विचारात असलेले गृहस्थ त्याला भेटले आणि फाटक-वालचंद अशी भागीदारी उभी राहिली. फाटकांना कामाची माहिती होती, वालचंदांपाशी पैसा आणि धाडस होते. पहिले काम मिळाले ते बार्शी लाइट रेल्वेचे.

त्या कामापासून पुढली वीस-पंचवीस वर्षे म्हणजे माती, दगड आणि सुरुंग यांची वर्षे. बोरघाटातील बोगदे, मुंबईला पाणी पुरवणारी तानसाची जलवाहिनी अशी कामे वालचंदांच्या देखरेखीखाली झाली. टाटांच्या बांधकाम कंपनीत ते भागीदार झाले आणि पुढे ती संपूर्ण त्यांच्याकडे आली. १९२६ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी हीदेखील त्यांचीच. या कंत्राटदारीने त्यांना दोन गोष्टी शिकवल्या. मोठे काम सरकारच्या मागणीशिवाय उभे राहत नाही, ही पहिली. त्याच सरकारच्या मनात देशी माणसाविषयी असलेला संशय फक्त काम करून दाखवल्याने दूर होत नाही, ही दुसरी. या दोन्ही धड्यांचा प्रत्यय त्यांना बंगळूरमध्ये पुन्हा आला.

मधला जहाजांचा अध्याय थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण विमानाचा अध्याय त्याच वळणाने गेला. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी एक जुने प्रवासी जहाज विकत घेऊन रुग्णालय जहाज म्हणून ब्रिटिश सरकारच्या सेवेला दिले होते. त्याचे नाव त्यांनी ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा, असे ठेवले. युद्ध संपताच वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या साथीदारांनी ते विकत घेतले, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी काढली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. धंद्याच्या दृष्टीने ते जहाज अपेशीच ठरले आणि चार वर्षांत भंगारात गेले. किनारी वाहतुकीवर ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी होती. त्यांनी दर इतके पाडले की सिंदियाला १९२३ मध्ये दहा वर्षांसाठी अटी मान्य करून तह करावा लागला. नरोत्तम मोरारजींच्या मृत्यूनंतर १९२९ पासून कंपनीची धुरा वालचंदांकडे आली. १९३९ मध्ये बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी सिंदियाच्या छत्राखाली आली. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर फेऱ्या करणाऱ्या आगबोटी तिच्याच. पणजीच्या धक्क्यावर उतरणाऱ्या चाकरमान्याला तिकिटाचा पैसा आता सोलापूरच्या माणसाच्या कंपनीत जातो याची जाणीव असेल असे नाही. वालचंदांना मात्र त्या पैशाचे मोल ठाऊक होते.

त्याच वर्षी ते मोटारींच्या कामासाठी अमेरिकेत होते. भारतात मोटारीचा कारखाना काढायची योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आखली होती. वालचंद तिच्यामागे हात धुऊन लागले होते आणि म्हैसूर संस्थानही अनुकूल होते. हिंदुस्थान सरकारला मात्र ती नको होती. अमेरिकेहून पॅसिफिक महासागरावरून परतताना विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन व्यावसायिकाशी पडली. पॉली चीनच्या राष्ट्रवादी सरकारसाठी विमाने जुळवण्याचा कारखाना चालवीत होता. चीनवर जपानचे आक्रमण सुरू होते, कारखाना एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवावा लागत होता. ब्रह्मदेशाच्या सीमेजवळ लोइविंग येथे त्याने मांडलेल्या बस्तानावर जपान्यांनी १९४० मध्ये बॉम्ब टाकले. त्याला सुरक्षित जागा हवी होती, वालचंदांना यंत्रे आणि जाणकार माणसे हवी होती. विमानातील त्या योगायोगाच्या गप्पांतून पुढचा सगळा व्यवहार निघाला.

भारतात परतल्यावर वालचंदांनी सरकारपुढे प्रस्ताव ठेवला. त्यात अवघड असे काही नव्हते : अमेरिकेतून यंत्रे आणि सुटे भाग आणायचे, पॉलीच्या तंत्रज्ञांकडून भारतीय कामगार तयार करून घ्यायचे, सरकारने ठरावीक संख्येने विमाने विकत घ्यावीत. प्रश्न तंत्राचा नव्हताच. हिंदुस्थानातील विमानांची गरज ब्रिटनमधील कारखाने भागवतील हे दिल्लीत आणि लंडनमध्ये गृहीतच धरलेले होते. अ‍ॅव्रो, ब्रिस्टल, डी हॅविलंड, हॉकर, हँडली पेज, व्हिकर्स अशा डझनभर कंपन्या तेथे होत्या. साम्राज्यातील वसाहतींनी कच्चा माल द्यावा आणि तयार माल घ्यावा, ही सुताची आणि कापडाची जुनी पद्धत विमानालाही लागू होती. प्रस्तावाची कागदपत्रे कित्येक महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली.

चित्र पालटले ते १९४० च्या उन्हाळ्यात. जूनमध्ये फ्रान्स पडला. ब्रिटनच्या कारखान्यांतून निघणारे प्रत्येक लढाऊ विमान स्वतःच्या बचावासाठीच अपुरे पडू लागले. साउदॅम्प्टनजवळचा सुपरमरीन कंपनीचा कारखाना, जेथे स्पिटफायर विमान जन्माला आले, सप्टेंबरमध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला आणि त्याचे काम आसपासच्या लहानमोठ्या जागांत विखरून सुरू ठेवावे लागले. अशा वेळी हिंदुस्थानला विमाने देणार कोण? दिल्लीने अखेर होकार दिला.

जागा ब्रिटिश मुलखात न निवडता संस्थानात निवडण्यामागे वालचंदांचा हिशेब होता. संस्थानाचा दिवाण मनात आणेल तर जमीन, वीज, पाणी आणि भांडवल यांचा निर्णय एका बैठकीत होऊ शकतो, हे त्यांना माहीत होते. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल हे असेच निर्णय घेणारे गृहस्थ होते. शिवनसमुद्रची जलविद्युत, भद्रावतीचे पोलाद, टाटांच्या देणगीतून उभी राहिलेली विज्ञान संस्था आणि समुद्रापासून दूरचे, थंड हवेचे पठार : बंगळूरच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ होते. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्तान एअरक्राफ्ट लिमिटेड या कंपनीची नोंदणी झाली. अधिकृत भांडवल चार कोटी रुपयांचे. वालचंद अध्यक्ष झाले. व्यवस्थापन वालचंद, तुलसीदास किलाचंद आणि धरमसी खटाव यांच्या पेढीकडे गेले. म्हैसूर संस्थान भागीदार झाले. बंगळूरमधील एका बंगल्यात कचेरी थाटून कामाला सुरुवात झाली.

येथे वडोदऱ्याकडे पुन्हा वळावे लागते. सयाजीराव गायकवाडांचे फेब्रुवारी १९३९ मध्ये निधन झाले आणि त्यांचे नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. सयाजीरावांनी ६३ वर्षांच्या कारकिर्दीत शाळा, ग्रंथालये, रेल्वे, बँक आणि कारखाने यांवर जो पैसा खर्च केला, त्याची साक्ष ते शहर आजही देते. बँक ऑफ बडोदा १९०८ मधील. महायुद्ध सुरू झाले तेव्हा सर्वच संस्थानिकांकडून युद्धनिधीची अपेक्षा होती. ब्रिटनमध्ये लॉर्ड बीव्हरब्रूक यांनी विमान उत्पादन खात्याचा कारभार हाती घेतल्यावर स्पिटफायरसाठी वर्गणी गोळा करण्याची मोहीम निघाली. एका विमानाची किंमत सोयीसाठी पाच हजार पौंड धरली गेली. गावे, शाळा, कारखाने, वसाहती आणि संस्थाने यांनी पैसे पाठवले. मोठी रक्कम देणाऱ्या संस्थानाचे नाव ब्रिटिश हवाई दलाच्या एका तुकडीला मिळत असे. मे १९४१ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला कॅसलटाउन येथे पुन्हा उभारण्यात आलेल्या १२४ क्रमांकाच्या तुकडीला बडोद्याचे नाव मिळाले. स्पिटफायर उडवणारी ही तुकडी पुढे फार उंचावर लढण्याच्या कामात तरबेज झाली. म्हैसूरनेही निधी दिला होता. त्या संस्थानाच्या १२९ क्रमांकाच्या तुकडीने आपल्या चिन्हात म्हैसूरचा गंडभेरुंड घेतला.

या देणग्यांची टिंगल करण्याचे कारण नाही. हिटलरचा पराभव झाला त्यात त्या विमानांचाही वाटा होता आणि संस्थानिकांना नाही म्हणण्याची मुभा कितपत होती हाही प्रश्नच आहे. तरीही दोन व्यवहार शेजारी शेजारी मांडून पाहिले की वालचंदांची दृष्टी ध्यानात येते. वडोदऱ्याच्या तिजोरीतील रुपया सुपरमरीनच्या कारखान्यात जात होता आणि तेथून विमान होऊन इंग्लिश खाडीवर उडत होता. ते विमान दुरुस्त करणारा फिटर, त्याचा पंख बेतणारा आरेखक, त्याच्या इंजिनाची चाचणी घेणारा अभियंता, सारे तिकडचे. वालचंदांना तो रुपया येथे खर्चायचा होता. म्हैसूरने एकाच सुमारास दोन्ही केले, हे विशेष. लंडनला देणगी पाठवली आणि घरी कारखान्यात भागही घेतला. पुढे कोणता पैसा किती वर्षे कामी आला, हे वेगळे सांगायला नको.

बंगळूरमधील कामाचा वेग थक्क करणारा होता. पॉलीने अमेरिकेतून यंत्रे, हत्यारे आणि माणसे आणली. मोकळ्या माळावर छपऱ्या उभ्या राहिल्या, धावपट्टी तयार झाली. कंपनीच्या नोंदणीला आठ महिने झाले असताना, ऑगस्ट १९४१ मध्ये, हार्लो जातीचे पहिले प्रशिक्षण विमान जुळवून आकाशात गेले. हे विमान अमेरिकन आराखड्याचे आणि अमेरिकेतून आलेल्या भागांचे होते. त्याला स्वदेशी म्हणणे हा अतिउत्साह ठरेल. पण ते जुळवणारे हात येथले होते. त्या हातांना मार्गदर्शन करणाऱ्यांत एक मराठी अभियंता होता : विष्णू माधव घाटगे. जर्मनीत ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल या वायुगतिशास्त्राच्या जनकापाशी संशोधन करून आलेला हा तरुण कंपनीत आला आणि त्याच १९४१ साली त्याने एका ग्लायडरचा आराखडाही तयार केला. अमेरिकन सुट्या भागांच्या पेट्या उघडणाऱ्या कारखान्यात स्वतःचा आराखडा करणारा माणूस पहिल्याच वर्षी असणे, ही वालचंदांच्या कारखान्यातील सर्वांत मोलाची गुंतवणूक होती. ताळेबंदात ती कोठेही दिसली नसेल.

दरम्यान सरकार केवळ गिऱ्हाईक राहिले नव्हते. एप्रिल १९४१ पर्यंत हिंदुस्थान सरकारने २५ लाख रुपये घालून कंपनीत एक-तृतीयांश हिस्सा घेतला होता. वालचंदांचा गट, म्हैसूर आणि दिल्ली असे तीन भागीदार झाले. त्यांतील दिल्ली हीच एकमेव गिऱ्हाईक, तीच परवाना देणारी, तीच जहाजातून माल आणण्यासाठी जागा मिळवून देणारी. अशा भागीदारीत तराजू कोणाकडे झुकणार हे उघड होते.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून. बंगालच्या उपसागरावर जपानी आरमार दिसू लागले. आग्नेय आशियाच्या आघाडीवर लढणाऱ्या विमानांची दुरुस्ती करू शकेल असा मोठा कारखाना आता बंगळूरमध्येच होता. तो एका खासगी उद्योगपतीच्या, त्यातही काँग्रेस पुढाऱ्यांत ऊठबस असलेल्या उद्योगपतीच्या हाती ठेवण्यास सरकार तयार नव्हते. २ एप्रिल १९४२ रोजी कंपनी सरकारने ताब्यात घेतल्याचे जाहीर झाले. वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे भाग विकत घेण्यात आले. म्हैसूरने आपले भाग विकण्यास नकार दिला, पण व्यवस्थापनावरचा हक्क सोडून दिला. मिर्झा इस्माईल तोवर दिवाणपदावरून गेले होते. पुढल्या चारच दिवसांत, ६ एप्रिलला, जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. वालचंदांच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी तेथे वर्षभरापूर्वीच राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली होती. एका आठवड्यात विमानकारखाना हातचा गेला आणि गोदीवर बॉम्ब पडले.

वालचंदांच्या चाहत्यांच्या तोंडी या प्रसंगाची एक सोपी गोष्ट झाली आहे : मराठी माणसाने कारखाना काढला आणि इंग्रजांनी तो हिसकावला. ती अर्धीच खरी आहे. वालचंदांना भागांचा पुरेसा मोबदला मिळाला. ते भिकेला लागले नाहीत. कारखाना सरकारी मागणीवरच उभा होता. ती मागणी थांबती तर तो वर्षभरही तग धरू शकला नसता. महायुद्धाच्या त्या घडीला कोणत्याही सरकारने कदाचित हेच केले असते. खुद्द ब्रिटनमध्येही शॉर्ट ब्रदर्स ही जुनी विमान कंपनी सरकारने १९४३ मध्ये ताब्यात घेतली. वालचंदांचा कारभारही टीकेपलीकडे नव्हता. एका उद्योगाच्या जोरावर दुसरा, दुसऱ्याच्या जोरावर तिसरा अशी त्यांची चाल होती. कर्जाचे ओझे त्यांना कधी फारसे जड वाटले नाही आणि त्यांच्या भागधारकांना ते अनेकदा वाटले. एवढे सारे मान्य केल्यावरही एक गोष्ट शिल्लक राहते. युद्ध संपल्यावर तो कारखाना मूळ प्रवर्तकांकडे परतला नाही. विमान बनवणे हे सरकारचेच काम, असा जो समज १९४२ मध्ये युद्धाच्या निकडीतून रूढ झाला, तो स्वातंत्र्यानंतर धोरण म्हणून टिकला आणि सहा-सात दशके तसाच चालला.

कारखान्याचे पुढे काय झाले, हे गोव्यातील वाचकाला दाबोळीवरून जाणाऱ्या विमानांच्या आवाजातून कळत आलेले आहे. १९४२ मध्ये कर्टिस हॉक हे पहिले लढाऊ विमान तेथून उडाले. १९४३ पासून अमेरिकेच्या हवाई दलाने तेथे दुरुस्तीचा मोठा तळ चालवला. स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश कंपन्या परत आल्या, या वेळी परवाने घेऊन : पर्सिव्हल कंपनीचे प्रेंटिस, डी हॅविलंडचे व्हँपायर, फॉलंडचे नॅट. १९६१ मध्ये कानपूरला जुळवलेले पहिले अ‍ॅव्रो उडाले. अशी ८९ विमाने भारतात बांधली गेली. १ ऑक्टोबर १९६४ रोजी नाशिकच्या मिग प्रकल्पासाठी काढलेल्या सरकारी कंपनीशी विलीनीकरण होऊन तिचे नाव हिंदुस्तान एअरोनॉटिक्स झाले. ब्रिटनमधील त्या डझनभर कंपन्या दरम्यान एकमेकींत विरत गेल्या. अ‍ॅव्रो, डी हॅविलंड, फॉलंड या हॉकर सिडलीत गेल्या, व्हिकर्स आणि ब्रिस्टल ब्रिटिश एअरक्राफ्ट कॉर्पोरेशनमध्ये. १९७७ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने या दोन्हींचे राष्ट्रीयीकरण करून ब्रिटिश एअरोस्पेस ही एकच कंपनी केली आणि थॅचरबाईंच्या सरकारने आठ वर्षांच्या आत ती पुन्हा विकूनही टाकली. दाबोळीच्या नौदल तळावरून २०१६ पर्यंत उडणारी सी हॅरियर विमाने त्याच कंपनीची. बोगमाळोच्या वाटेवरील नौदल हवाई संग्रहालयात आज ती उभी आहेत. ब्रिटनने विमान कंपन्या सरकारात आणल्या आणि सोडल्याही. भारतात आणलेली कंपनी आजही प्रामुख्याने सरकारचीच आहे. दोन्ही मार्गांचे फायदे-तोटे सांगणारे पुष्कळ आहेत. मात्र वालचंदांच्या हातून गेल्यानंतर संपूर्ण लष्करी विमान बांधणारा दुसरा खासगी कारखाना वडोदऱ्यात उभा राहीपर्यंत किती काळ लोटला, हा आकडा कोणत्याही बाजूने पाहिला तरी तोच राहतो.

वालचंद स्वतः मागे वळून पाहत बसले नाहीत. विमानांचा कारखाना गेल्यावर दोनच वर्षांत, १९४४ मध्ये, त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि क्रायस्लर कंपनीशी हातमिळवणी करून मुंबईत कुर्ल्याला मोटारींचा कारखाना उभा केला. जी योजना सरकारने अडवली होती, ती युद्ध संपता संपता मार्गी लागली. विशाखापट्टणमच्या गोदीतून बाहेर पडलेले ‘जलउषा’ हे पहिले जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. त्या गोदीचा प्रवासही शेवटी सरकारच्याच दिशेने झाला, हे वालचंदांच्या नशिबाचे एक वैशिष्ट्यच म्हणावे लागेल. जहाज, विमान, मोटार : तिन्हींत पहिली वीट त्यांची आणि तीनपैकी दोहोंचा मालक अखेर सरकार.

त्यानंतर शरीर थकले. पक्षाघाताच्या झटक्याने त्यांच्या हालचाली मंदावल्या आणि १९५० मध्ये त्यांनी व्यवसायातून निवृत्ती घेतली. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. भाऊ गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद यांच्याकडे उद्योगांची सूत्रे गेली. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यांचे नाव मिळाले ते त्यांच्या मृत्यूनंतर.

८ एप्रिल १९५३ रोजी उत्तर गुजरातेतील सिद्धपूर येथे वालचंदांचे निधन झाले. मातृगया म्हणून ओळखले जाणारे हे सरस्वतीकाठचे गाव चारच वर्षांपूर्वीपर्यंत गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होते. संस्थान मे १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले होते आणि बडोद्याचे नाव मिरवणारी स्पिटफायर तुकडीही १९४६ मध्येच दुसऱ्या क्रमांकात विरून गेली होती. त्या वेळी बंगळूरमध्ये ब्रिटिश परवान्यावर व्हँपायर विमाने तयार होत होती, आणि वालचंदांच्या काळात नोकरीला लागलेल्या घाटगे यांनी आरेखित केलेले एचटी-२ हे भारतीय आराखड्याचे पहिले विमान उडून दीड वर्षाहून अधिक काळ झाला होता.